पेट्रोल कॉक

पेट्रोल कॉक हा मोटारसायकलच्या इंधनटाकीच्या तळाशी बसवलेला आणि टाकीतून कार्बुरेटरकडे जाणारे पेट्रोल चालू-बंद करणारा छोटा भाग आहे. लेखी मराठीत त्याला इंधन-तोटी किंवा इंधन-झडप असेही म्हटले जाते. परंतु गॅरेजांत, सुट्या भागांच्या दुकानांत व गाडीमालकांच्या बोलण्यात ‘पेट्रोल कॉक’ किंवा नुसते ‘कॉक’ हाच शब्द रूढ आहे. कार्बुरेटर असलेल्या बहुतेक सर्व मोटारसायकलींना तो असतो. वीस-तीस वर्षे जुन्या गाडीत कॉक गळू लागणे ही नेहमीची तक्रार आहे. भाग स्वस्त आणि दुरुस्ती सोपी असल्यामुळे तिच्याकडे काणाडोळा केला जातो. मात्र गळक्या कॉकमुळे आग लागण्याचा धोका निर्माण होतो आणि इंजिनाचीही मोठी हानी होऊ शकते.

छत्रपती संभाजीनगरमधील जुन्या मोटारसायकली

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पश्चिमेस, अहिल्यानगरमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाळूज औद्योगिक वसाहत आहे. येथील बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. पुढील वर्षी, १९८६ मध्ये, कंपनीने जपानच्या कावासाकी कंपनीच्या सहकार्याने तयार केलेली केबी १०० ही दोन-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आणली. १९९१ मध्ये चार-स्ट्रोक ४एस चॅम्पियन, १९९७ मध्ये बॉक्सर आणि १९९८ मध्ये वाळूजच्याच कारखान्यातून कॅलिबर या गाड्या आल्या. कारखान्याच्या आधाराने सुट्या भागांचे अनेक छोटे-मोठे उद्योग या परिसरात वाढले. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या वाहनभाग बनविणाऱ्या कंपन्यांचा उगम याच शहरातला. त्यामुळे एमएच-२० क्रमांकाच्या या काळातील मोटारसायकली शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत अद्याप वापरात दिसतात. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते व तपासणीनंतर ती पुढे पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते. शेतावर दूध व भाजी वाहणाऱ्या गाड्यांपासून हौसेने जपलेल्या गाड्यांपर्यंत सर्वांना कॉकच्या गळतीला सामोरे जावे लागते.

रचना

साधा कॉक गुरुत्वाकर्षणावर चालतो. टाकी वर, कार्बुरेटर खाली, मध्ये कॉक. कॉकचे मुख्य अंग जस्ताच्या मिश्रधातूचे किंवा ॲल्युमिनियमचे ओतीव असते. त्यातून दोन वाटा टाकीत जातात. एका वाटेवर उभी नळी असते व तिचे तोंड टाकीच्या तळापासून काही सेंटिमीटर उंच असते. दुसऱ्या वाटेचे तोंड तळालगत असते. खटका ‘ऑन’वर असताना पेट्रोल उंच नळीतून येते. पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की पुरवठा थांबतो आणि गाडी आचके देऊ लागते. तेव्हा खटका ‘रिझर्व्ह’वर फिरवला की तळालगतची वाट उघडते आणि उरलेले पेट्रोल मिळते. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हा वाक्प्रयोग यातूनच आला. इंधनदर्शक काटा नसलेल्या गाड्यांत पेट्रोल संपत आल्याची हीच एकमेव सूचना असे. दोन्ही नळ्यांवर बारीक जाळी असते. अनेक कॉकना खालच्या बाजूस फिरवून काढता येणारी लहान वाटी असते. पाणी, गंज आणि कचरा तिच्यात साचतो.

खटक्यामागे कॉकचा खरा कार्यभाग असतो: सामान्यतः चार भोकांची रबरी चकती. मेकॅनिक तिला ‘कॉकचा रबर’ किंवा ‘वायसर’ म्हणतात. खटक्याच्या आतील पृष्ठभागावर एक खाच असते; खटका फिरला की ती खाच ज्या दोन भोकांना जोडते, त्या वाटेने पेट्रोल वाहते. ‘ऑफ’ स्थितीत खाच कोणतीही वाट जोडत नाही. खटका रबरावर दाबून धरण्यासाठी लाटेसारखी वळवलेली पातळ स्प्रिंग-चकती असते व या सगळ्यावर दोन लहान स्क्रूंनी एक पत्रा बसवलेला असतो. काही कॉकमध्ये स्क्रूऐवजी रिव्हेट असतात. असे कॉक उघडण्यासाठी बनवलेले नसतात.

टाकीशी जोडणी तीन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात कॉकला सपाट बैठक असते आणि ती ओ-रिंगसह दोन बोल्टांनी टाकीला आवळतात. दुसऱ्यात टाकीच्या तोंडावरील आट्यांवर एक मोठा नट बसतो. तिसऱ्यात, म्हणजे ब्रिटिश घडणीच्या जुन्या गाड्यांत, कॉकचे आटे थेट टाकीत फिरवले जातात.

याखेरीज इंजिनाच्या ओढीवर चालणारा ‘ऑटो कॉक’ हा निराळा प्रकार आहे. गिअर नसलेल्या स्कूटरांत तो सर्वत्र आढळला, काही मोटारसायकलींतही होता. इंजिन सुरू असताना कार्बुरेटरपुढील मार्गात जी पोकळी निर्माण होते, ती बारीक नळीने कॉकमधील पडद्यापर्यंत पोहोचते आणि पडदा ओढला जाऊन पेट्रोलची वाट उघडते. इंजिन थांबले की स्प्रिंग वाट बंद करते. अशा कॉकला ‘ऑफ’ खूण बहुधा नसतेच.

गळतीचे प्रकार आणि कारणे

‘कॉक गळतो’ या एका वाक्यात दोन वेगळे दोष सामावलेले असतात आणि दुरुस्तीपूर्वी ते वेगळे ओळखणे आवश्यक असते.

बाहेरची गळती डोळ्यांना दिसते. ती बैठकीतून, खटक्याच्या कडेने किंवा खालच्या वाटीतून होते. पेट्रोल घरंगळून सर्वांत खालच्या टोकाशी थेंब धरते. म्हणून थेंब जिथे दिसतो तिथेच दोष असेल असे नाही. कॉक कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावा, वरून खाली खडूची पूड लावावी आणि पूड प्रथम कोठे ओली होते ते पाहावे. बोल्टाच्या डोक्याखालून येणारा ओलावा हमखास नजरेतून सुटतो. काही टाक्यांत बोल्टाची भोके आरपार आतपर्यंत असतात आणि पेट्रोल आट्यांवरून झिरपते. तेथे मूळचा मऊ वायसर हरवून साधा लोखंडी वायसर घातला गेला असेल, तर बैठक कितीही आवळली तरी गळती थांबत नाही.

आतली गळती दिसत नाही. खटका ‘ऑफ’वर असूनही पेट्रोल पुढे जात राहते. कार्बुरेटरमधील फ्लोटची सुई ठीक असेल, तोवर काहीच जाणवत नाही. सुई झिजली किंवा तिच्यात कण अडकला की कार्बुरेटर भरून वाहू लागतो. बहुतेक वेळा जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर पडते. पण गाडी कलती उभी असेल किंवा ती नळी तुंबली असेल, तर ते थेट इंजिनात उतरते.

रबराचे वय हे गळतीचे पहिले कारण आहे. जुन्या कॉकमधील रबर वर्षानुवर्षे पेट्रोलमध्ये भिजलेले असते. गाडी दीर्घकाळ उभी राहून टाकी कोरडी पडली, की ते आकसते व ताठ होते; पुन्हा पेट्रोल भरले तरी पूर्वीची लवचिकता परत येत नाही. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीची टाकी त्याहून तापते. म्हणूनच वर्षभर बंद असलेली गाडी सुरू करण्यासाठी टाकी भरली की तासाभरात कॉक गळू लागल्याचा अनुभव सार्वत्रिक आहे.

दुसरे कारण गंज. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत आतून गंजते. गंजाचे कण फाटक्या जाळीतून कॉकमध्ये येतात, रबर आणि खटका यांच्यामध्ये सापडतात आणि खटका फिरवताना रबरावर चर पाडतात. अशा टाकीला नवा कॉक बसवणे म्हणजे काही महिन्यांची सोय होय.

तिसरे कारण इथेनॉल. भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे सरासरी प्रमाण २०२२ च्या मध्यास १० टक्क्यांवर पोहोचले. २० टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. त्याआधी कित्येक वर्षे बनलेल्या गाड्यांतील रबर या मिश्रणासाठी निवडलेले नव्हते. इथेनॉलमुळे काही प्रकारचे रबर फुगते व मऊ पडते. शिवाय ते हवेतील पाणी शोषते. पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमका कॉकच्या तोंडाशी, बसतो. तरीही जुन्या गाडीतील प्रत्येक गळतीचा दोष इथेनॉलला देण्याची प्रवृत्ती अतिशयोक्त आहे. तीस वर्षांचे रबर कोणत्याही पेट्रोलमध्ये निकामी होते.

धोके

पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो. एक मिलिलिटरमध्ये ४० ते ५० थेंब धरले आणि सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर तासाला सुमारे ७० ते ९० मिलिलिटर व दहा तासांच्या रात्रीत पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जाते. नुकसान हा त्यातला लहान भाग. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, पायऱ्या उतरते, खोलगट जागी साठते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले तरी ती पेटू शकते आणि त्यासाठी उष्ण हवामानही लागत नाही, कारण पेट्रोलचा ज्वलनबिंदू शून्याखाली ४० अंशांच्या सुमारास आहे. दाट वस्तीत गाडी रात्री ओसरीत, जिन्याखाली किंवा थेट घरात उभी केली जाते. शेजारच्या खोलीत गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा किंवा फ्रीज असतो. अशा घरात गळकी गाडी ठेवू नये. दुरुस्ती होईपर्यंत टाकी रिकामी करावी किंवा गाडी उघड्यावर उभी करावी.

पेट्रोल इंजिनात उतरण्याचा परिणाम अधिक फसवा असतो. चार-स्ट्रोक इंजिनात ते पिस्टनच्या रिंगांवरून खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते, त्याची पातळी वाढते, पट्टी बाहेर काढल्यास पेट्रोलचा वास येतो. ऑइलची पातळी आपोआप वाढणे ही समाधानाची गोष्ट नसून धोक्याची खूण आहे. असे ऑइल बेअरिंग आणि कॅमशाफ्टला पुरेसे संरक्षण देत नाही; इंजिन ‘बसते’ आणि त्याचा खर्च कॉकच्या किमतीच्या कित्येक पटींनी होतो. सिलिंडरमध्येच पेट्रोल भरले तर किक मध्येच अडते, कारण द्रव दाबला जात नाही. अशा वेळी जोर लावून किक मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकण्याचा संभव असतो.

दुरुस्ती

काम मोकळ्या हवेत, दिवसा आणि थंड इंजिनावर करावे. बॅटरीची ऋण वायर सोडावी, जवळपास विडी-सिगारेट किंवा पेटता स्टोव्ह नसावा. टाकीतील पेट्रोल कॉकच्याच नळीतून झाकणाच्या डब्यात काढता येते. खटका ‘रिझर्व्ह’वर ठेवल्यास टाकी जवळपास रिकामी होते. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल साठवू नये आणि गटारात ओतू नये. त्यानंतर शक्य असेल तर टाकी गाडीवरून उतरवून जुन्या गोधडीवर आडवी ठेवावी, म्हणजे बैठक समोर दिसते आणि रंगाला ओरखडे पडत नाहीत.

कॉक काढताना त्याची उभी नळी टाकीच्या भोकातून सरळ बाहेर घ्यावी लागते. तिरकी ओढल्यास जाळी फाटते. नळीची लांबी मोजून ठेवावी. पुढे नवा कॉक आणल्यास ही लांबी उपयोगी पडते, कारण नळी आखूड असेल तर रिझर्व्ह नावापुरता उरतो.

खटक्यावरील दोन स्क्रू बहुधा गंजून घट्ट बसलेले असतात. तोंडाशी नीट बसणारा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, आधी गंज सोडवणारे तेल टाकून, दाब देत ते सोडवावेत. एकदा खाच मोडली की सोपे काम अवघड होते. पत्रा, स्प्रिंग-चकती, खटका व रबर या क्रमाने भाग निघतात. रबरावर चर, तडा किंवा खटक्याच्या खाचेचा खोल ठसा दिसला तर ते बदलावे. उलटे करून बसवण्याचा उपाय प्रचलित आहे आणि तो काही दिवस चालतोही. पण जुने रबर दुसऱ्या बाजूनेही तितकेच ताठ झालेले असते. खटक्याचा रबराला टेकणारा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत हवा. त्यावर ओरखडे असतील तर सपाट काचेवर बारीक (हजार क्रमांकाचा किंवा त्याहून बारीक) पॉलिश पेपर ठेवून, थेंबभर तेल टाकून, खटका गोलाकार फिरवत घासावा. हाच उपाय टाकीला टेकणाऱ्या बैठकीला लागू पडतो. बोल्ट एकाच बाजूने अति आवळल्यामुळे मऊ धातूची बैठक वाकते आणि मग नवी ओ-रिंगही तिला सांभाळू शकत नाही. काचेवर घासल्यावर कडा चकाकतात आणि मध्य तसाच राहतो किंवा उलट होते, यावरून वाक किती आहे ते कळते.

रबर, ओ-रिंग आणि वाटीचे सील एकत्र मिळणारे किट घेणे इष्ट. ओ-रिंग पेट्रोलसाठी बनवलेलीच हवी. नळाच्या दुकानातील पाण्याची ओ-रिंग दिसायला तशीच असते, पण पेट्रोलमध्ये फुगते. बैठकीवर सिलिकॉनचे सॉल्यूशन लावण्याची पद्धतही टाळावी. पेट्रोल त्याला फुगवते, ते सुटते आणि त्याचे तुकडे कार्बुरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. रस्त्यात टाकीला बारीक छिद्र पडल्यास कपड्याचा साबण घासून गळती थांबवण्याची जुनी युक्ती खरोखर चालते, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. मात्र ती छिद्रासाठी आहे आणि घरी पोहोचण्यापुरती आहे. फिरणाऱ्या खटक्याला साबणाचा काही उपयोग नाही.

परत बसवताना दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. बोल्टांखाली फायबरचे किंवा मूळचे मऊ वायसर घालावेत. टाकीच्या आट्यांची जाडी मोजकीच असते, म्हणून लांब पाना वापरून जोर लावणे धोक्याचे. नंतर अर्धा लिटर पेट्रोल ओतून कॉकची नळी एका बाटलीत सोडावी. ‘ऑफ’वर तासभरात एकही थेंब येता कामा नये, ‘ऑन’ आणि ‘रिझर्व्ह’वर सलग धार हवी. अर्धा लिटर कमी पडून उंच नळीपर्यंत पातळी पोहोचत नसेल, तर ‘ऑन’वर धार न येणे हा दोष मानू नये. शेवटी कॉकखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून रात्रभर वाट पाहणे ही सर्वांत खात्रीची परीक्षा आहे.

आतली गळती असलेल्या गाडीत कॉक दुरुस्त करून लगेच किक मारू नये. आधी ऑइलचा वास व पातळी पाहावी. शंका असल्यास ऑइल बदलावे. किक अडत असेल तर स्पार्क प्लग काढून, प्लगची वायर इंजिनापासून दूर व इग्निशन बंद ठेवून, हाताने सावकाश किक फिरवून पेट्रोल बाहेर काढावे. दोन-स्ट्रोक इंजिनात हे पेट्रोल क्रँककेसमध्ये साचलेले असते, त्यामुळे अधिक वेळ लागतो. फ्लोटची सुई तपासल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये, कारण ती धड असती तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचलेच नसते.

ऑटो कॉकच्या बाबतीत पडदा फाटला आहे का, एवढेच बहुधा पाहायचे असते. ओढीची बारीक नळी काढून तिच्यात पेट्रोलचा ओलावा आढळला तर पडदा गेला आहे. काळा धूर आणि अचानक घटलेले ॲव्हरेज हीदेखील त्याची लक्षणे. असा कॉक सहसा पूर्णच बदलतात.

बदली

रिव्हेटचा कॉक, भेगाळलेले अंग, झिजलेले आटे किंवा खटक्याच्या बैठकीत खोलवर पडलेले खड्डे असतील तर दुरुस्तीचा खटाटोप व्यर्थ आहे. नवा कॉक घेताना जुना सोबत न्यावा. दोन बोल्टांच्या भोकांतील अंतर मिलिमीटरमध्ये जुळले पाहिजे. जपानी घडणीच्या गाड्यांत ३४ आणि ४४ मिलिमीटर ही अंतरे नेहमी आढळतात. पेट्रोलच्या नळीचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि खटका टाकीच्या कोणत्या बाजूस येतो, हेही पाहावे. नळी मुडपून बसली तर गाडी वेगात पेट्रोलअभावी दम तोडते आणि दोष कार्बुरेटरवर लादला जातो.

बाजारात कंपनीचा आणि डुप्लिकेट असे दोन्ही माल मिळतात. स्वस्त नकलेत बैठक सपाट नसणे, जाळी सैल असणे आणि रबर पहिल्याच उन्हाळ्यात ताठ होणे हे दोष आढळतात. बंद पडलेल्या प्रारूपांचा मूळ भाग मिळेनासा झाल्यास जुन्या अंगात नवे रबर बसवणे हाच उपाय नव्या नकलेपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो. म्हणून जुना कॉक भंगारात टाकण्याची घाई करू नये.

नव्या गाड्यांतील स्थिती

एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाली आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्बुरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. या व्यवस्थेत विजेवर चालणारा पंप टाकीतच बसवलेला असतो. इंजिन थांबले की पंप थांबतो आणि हाताने फिरवण्याचा खटका राहत नाही. रिझर्व्हची जागा इंधनदर्शकाने व लुकलुकणाऱ्या दिव्याने घेतली आहे. गळतीचा प्रश्न त्यामुळे संपला नाही, तो पंपाच्या सीलकडे व दाबाखाली असलेल्या नळ्यांकडे सरकला. तेथे इंधन दाबाने वाहत असल्यामुळे जुन्या कॉकसारखी घरगुती दुरुस्ती तेथे करू नये.